तुम्ही विचारलंत म्हणून : कोणत्या डिस्ट्रिक्टमध्ये घर घ्यावं?

"ताई, मुलगी पुढच्या वर्षी शाळेत जाईल. कोणत्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये घर बघू?"

पुण्याहून, नाशकाहून डेट्रॉइटच्या गाड्यांच्या कंपन्यांत कामाला येणारी जोडपी मला हे हमखास विचारतात. कुणी मंडळाच्या गणपतीत प्रसादाची बशी हातात धरून, कुणी व्हिसा मिळायच्या आधीच फोनवर. स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे सरकारी शाळांचा हद्द आखलेला विभाग; ज्याच्या हद्दीत घर, त्याच्या शाळेत मूल. पूर्वी मी ट्रॉय, नोव्हाय, नॉर्थव्हिल अशी डेट्रॉइटच्या उपनगरांची नावं सांगून मोकळी होत असे. हल्ली सांगायला अर्धा तास लागतो आणि समोरच्याला तेवढी सवड असतेच असं नाही. म्हणून लिहूनच ठेवते आहे.

आम्ही ट्रॉयमध्ये घर शोधत होतो तेव्हा एका दुपारी दोन घरं पाहिली. दोन्ही विटांची, तीन बेडरूमची, मागे मेपलचं झाड. दुसरं बरंच स्वस्त. काही खोट आहे का, असं मी एजंटबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, खोट काही नाही, फक्त इथे शाळेची हद्द बदलते. म्हणजे पत्ता ट्रॉयचा, नगरपालिका ट्रॉयची, पण मुलं जाणार दुसऱ्या डिस्ट्रिक्टच्या शाळेत. एवढ्याशा ट्रॉयमध्ये अशा सात डिस्ट्रिक्ट्सच्या हद्दी शिरल्या आहेत. आम्ही महागडं घर घेतलं. शाळा खरोखरच चांगली निघाली. मुलीच्या वर्गाच्या फोटोत गोरी मुलं होती, चिनी, कोरियन, तेलुगू, गुजराती, मराठी होती. कृष्णवर्णीय मूल एकही नव्हतं. डेट्रॉइट शहराची हद्द आमच्यापासून गाडीने वीस मिनिटांवर, आणि त्या शहरात चारातली तीन माणसं कृष्णवर्णीय. फोटोतली ही उणीव माझ्या लक्षात यायला चार वर्षं लागली, याची मला आजही लाज वाटते.

"पण गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या शाळा तर १९५४ मध्येच बंद झाल्या ना?" हा पुढचा प्रश्न. बंद झाल्या त्या कायद्याने वेगळ्या ठेवलेल्या शाळा. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा ब्राउन खटल्यातला तो निकाल फार मोठा होता, त्यात शंका नाही. पण आपली मुलं आज कुणाच्या शेजारी बसतात, हे डेट्रॉइटच्या परिसरात ठरवलं ते २० वर्षांनी आलेल्या दुसऱ्या एका निकालाने. त्याचं नाव मिलिकन विरुद्ध ब्रॅडली.

त्याआधी एक भिंत बघावी लागते. एट माइल रोड ही डेट्रॉइटची उत्तरेकडची हद्द. त्या रस्त्याच्या दक्षिणेला, बर्वुड रस्त्याच्या मागे, सहा फूट उंच आणि सुमारे अर्धा मैल लांब काँक्रीटची भिंत आहे. १९४१ मध्ये एका बिल्डरला तिथे गोऱ्या लोकांसाठी घरं बांधायची होती. शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती, म्हणून घरकर्जाला हमी देणारं सरकारी खातं तयार होईना. बिल्डरने मध्ये भिंत घातली आणि हमी मिळाली. आता तिच्यावर मुलांची, घरांची, साबणाच्या फुग्यांची रंगीत चित्रं आहेत आणि बाजूला खेळायचं मैदान. माझे सासरे आले होते तेव्हा त्यांना मी तिथे नेलं. भिंतीला हात लावून ते एवढंच म्हणाले, "हे तर गावकूसच."

१९७० मध्ये डेट्रॉइटच्या शाळा मंडळाने काही हायस्कुलांत गोरी आणि कृष्णवर्णीय मुलं थोडीफार मिसळतील अशी योजना केली. ती अगदी माफक होती. तरी मिशिगन राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून ती रद्द केली आणि मतदारांनी तिच्या बाजूच्या मंडळ सदस्यांना घरी पाठवलं. मग काही पालक आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी एनएएसीपी ही संघटना कोर्टात गेली. हाच तो मिलिकन विरुद्ध ब्रॅडली खटला. न्यायाधीश स्टीफन रॉथ यांचा जन्म हंगेरीतला. सुरुवातीला त्यांना पालकांचं म्हणणं फारसं पटलेलं नव्हतं. पण कर्जं कुणाला नाकारली, घरं कुणाला विकली नाहीत, नव्या शाळा नेमक्या कुठे बांधल्या, हे साक्षीपुराव्यांत दिवसेंदिवस ऐकून त्यांचं मत बदललं. शाळा आपोआप वेगळ्या झाल्या नाहीत, शहराने आणि राज्यानेही त्या तशा केल्या, असं त्यांनी १९७१ मध्ये लिहिलं.

आता उपाय काय? शहराच्या शाळांत तोवर सुमारे ६४ टक्के मुलं कृष्णवर्णीय होती आणि गोरी कुटुंबं उपनगरांत जात होती. शहरातल्या शहरात मुलं कितीही फिरवली तरी काही साधणार नव्हतं. म्हणून रॉथ यांनी १९७२ मध्ये डेट्रॉइट आणि भोवतालची ५३ उपनगरी डिस्ट्रिक्ट्स मिळून एकच योजना आखायला सांगितलं. त्यात सुमारे ७,८०,००० मुलं येत होती. डिस्ट्रिक्टच्या हद्दी राज्याने कारभाराच्या सोयीसाठी पाडलेल्या आहेत, त्यांच्या आडून घटनेने दिलेला हक्क नाकारता येणार नाही, हे त्यांचं म्हणणं. मला ते वाक्य दर वेळी ट्रॉयमधल्या त्या दोन घरांपाशी घेऊन जातं.

उपनगरं खवळली. त्याआधीच, १९७१ च्या ऑगस्टमध्ये, डेट्रॉइटजवळच्या पॉन्टिअॅक शहराच्या अशाच एका वेगळ्या खटल्यातल्या आदेशानंतर शाळेच्या दहा बसेस स्फोटाने उडवून दिल्या होत्या. रॉथ यांच्या निषेधाची स्टिकर्स लोक गाडीच्या मागे लावून फिरत होते. जुलै १९७४ मध्ये ते वारले. त्याच महिन्याच्या २५ तारखेला सुप्रीम कोर्टाने त्यांचा आदेश पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केला. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी लिहिलं की वर्णानुसार मुलं वेगळी ठेवल्याचा पुरावा डेट्रॉइटपुरता आहे. उपनगरांनी काही केल्याचं सिद्ध झालेलं नाही, तेव्हा हद्द ओलांडून त्यांना यात ओढता येणार नाही.

त्याच खटल्याच्या कागदांत कार्व्हर नावाच्या एका छोट्या उपनगरी डिस्ट्रिक्टची हकीकत आहे. तिथली वस्ती कृष्णवर्णीयांची, आणि त्यांचं स्वतःचं हायस्कूल नव्हतं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या मुलांना बसमध्ये बसवून, जवळच्या गोऱ्या शाळा ओलांडून, डिस्ट्रिक्टची हद्दही ओलांडून, डेट्रॉइटमधल्या कृष्णवर्णीयांच्या शाळेत नेत असत. मुलं वेगळी ठेवायची होती तेव्हा हद्द कुणाच्या आड आली नाही. बहुमताने ही एकांडी घटना म्हणून बाजूला ठेवली. मला विचाराल तर सगळा खटला त्या बसमध्ये होता.

विरोधी मत देणाऱ्यांत थर्गुड मार्शल होते. ब्राउन खटल्यात पालकांची बाजू मांडणारे वकील तेच, आणि २० वर्षांनी त्याच कोर्टात न्यायाधीश म्हणून त्यांना हे पाहावं लागलं. महानगरांची एक गोरं आणि एक काळं अशी दोन शहरं होऊ देणं आज सोपं वाटेल, पण पुढे आपल्या लोकांना याचा पश्चात्ताप होईल, असं त्यांनी बजावलं. डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती, २०२० मध्ये सहा लाख चाळीस हजारांच्या आत आली. त्याला कारखाने बंद पडण्यासारखी इतरही कारणं आहेत. तरी घर बदलून हद्दीपलीकडे गेलं की कुठलाच आदेश मागे येणार नाही, ही खात्री कोर्टाने दिली, हे मी त्या कारणांत नक्की धरते.

नॉर्थ कॅरोलायनात शार्लट शहर आणि भोवतालची काउंटी मिळून एकच डिस्ट्रिक्ट आहे. तिथे १९७१ मध्ये याच सुप्रीम कोर्टाने मुलं बसने दूरच्या शाळेत नेण्याचा आदेश एकमताने उचलून धरला. अनेक वर्षं तिथे मुलं एकत्र शिकली. शेवटी १९९९ मध्ये कोर्टाने देखरेख काढून घेतली आणि शाळा पुन्हा वेगळ्या होत गेल्या. पण निदान सुरुवात करता आली, कारण मध्ये हद्द नव्हती. मिशिगनमध्ये डिस्ट्रिक्ट्स छोटी आणि पुष्कळ. जितके तुकडे जास्त, तितकं निसटून जाणं सोपं.

तर तुम्ही घर कुठे घ्यावं? ट्रॉय घ्या, नोव्हाय घ्या, मी अडवणार नाही. मीही तेच केलं आहे, आणि आपल्या मुलीला चांगली शाळा हवी यात गैर काही नाही. पण एक गोष्ट करा. १९९६ पासून मिशिगनमध्ये डिस्ट्रिक्टला बाहेरची मुलं घेता येतात. याला 'स्कूल्स ऑफ चॉइस' म्हणतात. घ्यायची की नाहीत, आणि किती, हे ज्याचं त्याचं शाळा मंडळ ठरवतं. काही मंडळं दार उघडतच नाहीत. हा विषय तुमच्या मंडळासमोर येईल त्या संध्याकाळी तिथे जा. लोकांना बोलायला काही मिनिटं देतात. ज्यांना बाहेरची मुलं आपल्या शाळेत नको असतात ते नेमाने येतात. आपली माणसं मी तिथे फारशी पाहिलेली नाहीत. नाव लिहून द्यायचं आणि उभं राहायचं. नागरिकत्व लागत नाही, एच-वन व्हिसावरही बोलता येतं. तारीख कळवा, मी सोबत येते.