क्रेट फिनाईलनं धुतलेला होता

फिनाईलनं पार्वो, म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांना रक्ताची हगवण लावणारा व्हायरस, मरत नाही. हे मी दिवसातून कितीदा बोलते देव जाणे, क्लिनिकच्या दारावर कागद चिकटवलाय, व्हॉट्सअप स्टेटसला ठेवलंय, तरी लोक फिनाईलच ओततात कारण वास आला की स्वच्छ झालं हे आपल्याकडे पक्कं बसलंय. पण डिसेंबरातल्या त्या एका दिवसानंतर हे बोलताना माझी जीभ जरा अडखळते. का ते लिहून काढल्याशिवाय सुटका नाही असं दिसतंय.

मी गोव्यात डिचोलीच्या बाजूला एका खासगी प्राण्यांच्या क्लिनिकमध्ये असिस्टंट आहे. डॉक्टर मॅडम, मी, आणि सफाईचा पोरगा, तो आला तर. पाऊस संपला की आमच्याकडे पिल्लांचा सीझन. गल्लोगल्ली, बाजारात, बंद दुकानांच्या पायऱ्यांखाली पिल्लंच पिल्लं आणि त्यामागून पार्वो. बाहेरच्यांना वाटतं आम्ही दिवसभर कुत्र्यांचे लाड करतो. खरं काम म्हणजे बादल्या, कपडे बदलणं, टॉवेल उकळणं, आणि फोनवर "नाही, दही-भात देऊ नका" म्हणणं.

त्या दिवशी पहिली आली मयेची एक आजी, कापडी पिशवीत पिल्लू घेऊन. मी दारातूनच ओळखलं. पार्वोच्या हगवणीचा वास एकदा नाकात बसला की जात नाही, रक्ताचा, गोडसर आणि कुजका असा एकत्र. म्हटलं आजी, आत येऊ नका, तिथंच बाहेर बसा. आजी भडकली. "काय गो, माझं पिल्लू काय चोर आहे?" आता तिला कसं सांगणार की आत टेबलावर दुसरी पिल्लं लशीच्या डोससाठी येतात आणि तिच्या पिशवीतून एक थेंब लादीवर पडला तर ती लादी मला कितीदा पुसावी लागेल. दोन दिवस उलट्या, काल संध्याकाळपासून रक्त, आणि मधल्या वेळात फार्मसीतून आणलेली जुलाब थांबवायची गोळी. ही गोळी देणाऱ्यांचा मला फार राग आहे. आतड्याचं अस्तर सुटून पडतंय, जंतू रक्तात शिरायला बघतायत, आणि तुम्ही ती घाण आतच कोंडून ठेवता. माणसाच्या दुकानात कुत्र्याचं औषध विचारायला जाणारे आणि ते बिनधास्त देणारे, दोघेही तसलेच.

टेस्ट केली. किटमध्ये स्वॅब बुडवून थेंब टाकले की दहा मिनिटं थांबायचं, एक रेघ आली तर निगेटिव्ह, दोन आल्या तर पार्वो. (सुरुवातीला खोटी निगेटिव्हही येते, आणि नुकताच डोस झालेला असेल तर कधीकधी पुसट दुसरी रेघ दिसते, म्हणून नुसत्या रेघेवर विश्वास ठेवायचा नसतो.) इथं दुसरी रेघ पहिल्या दोन मिनिटांतच ठळक आली.

ह्या कामात मला एका गोष्टीचा अभिमान आहे तो सांगतेच, लाईन टाकणं, म्हणजे शिरेत सलाईनची बारीक नळी (कॅन्युला) बसवणं. पाणी संपलेल्या पिल्लाची शीर म्हणजे कातडीखालचा ओला दोराच, बोटाला लागते आणि सुई नेली की सरकते. हिरड्या पांढऱ्या, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते, थर्मामीटर ९७ फॅरनहाईट, जिथं १०१ च्या वर हवं. आधी हॉट वॉटर बॅग, पाय चोळून गरम करायचा, केस काढायचे, मग पिवळी २४ नंबरची कॅन्युला, आणि रक्त दिसलं की श्वास रोखून अजून जरासं पुढे. मॅडमसुद्धा अशी पिल्लं माझ्याकडे सरकवतात, तोंडावर कधी म्हणत नाहीत ते सोडा. मग आरएल सलाईनची बाटली कोमट पाण्यात बुडवून गरम केलेली, मायक्रो ड्रिप सेट, त्यात ६० थेंबांचा एक मिली होतो म्हणून हिशेब सोपा, मिनिटाला जेवढे थेंब तेवढे तासाला मिली. माणसांच्याच ग्लुकोमीटरवर साखर बघायची, खाली असेल तर डेक्स्ट्रोज. उलटीचं इंजेक्शन फ्रिजमधलं थंडच द्यायचं, कमी झोंबतं. अँटिबायोटिक पार्वोसाठी नसतंच, आतड्यातून रक्तात गेलेल्या जंतूंसाठी असतं. व्हायरसवर आमच्याकडे औषध नाही. हा व्हायरस भराभर वाढणाऱ्या पेशी धरतो, आतड्याचं अस्तर आणि हाडांतला मगज, म्हणजे एकीकडे दार तुटलेलं आणि दुसरीकडे पांढऱ्या पेशीच नाहीत. पिल्लाचं शरीर परत उभं राहीपर्यंत आपण त्याला पाणी, साखर, पोटॅशियम पुरवत राहायचं, बस. पूर्वी पोट रिकामं ठेवा म्हणायचे, आता उलटी आवरली की लगेच थोडं थोडं खायला सुरू करतात, सिरिंजनं, तास-दोन तासांनी. वेळेत ड्रिपवर आलेली बरीच वाचतात. घरी ठेवलेली बहुतेक जातात.

आजीचं पिल्लू वेळेत आलेलं नव्हतं.

तेवढ्यात साखळीहून एक शिक्षिका तिचं पिल्लू घेऊन. तसाच तपकिरी रंग, तशीच पांढरी मोजे घातल्यासारखी पावलं. हे पिल्लू उभं राहत होतं, उलटी आजच सुरू झालेली. मी विचारलं कुठून आणलं, ती म्हणाली आमचा भाजीवाला देऊन गेला. बाहेर बसलेली आजी लगेच, "माझं पण त्यानंच दिलेलं." एकाच वेतातल्या बहिणी.

भाजीवाल्याला आम्ही सगळे ओळखतो. आधी मायनिंगच्या ट्रकवर होता, २०१८ ला मायनिंग बंद झालं तेव्हा ट्रक विकून पिकअप घेतली, बेळगावची भाजी आणून घरोघरी विकतो, शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात असतो. तिथं कचऱ्यात, ट्रकांच्या चाकांपाशी पिल्लं दिसली की उचलतो, आणि भाजीच्या लाईनवर ज्याला हवं त्याला देतो. फुकट. माद्या कोण घेत नाही तर हा पटवून पटवून माद्याच देतो, वर नसबंदीला मी नेईन म्हणून सांगतो आणि खरंच नेतो. आमच्या भागात असा दुसरा माणूस नाही. फेसबुकवर प्राणिप्रेमाचे लांबलचक लेख लिहिणारे पुष्कळ आहेत, रात्री फोन केला तर गाडी घेऊन येणारा हा एकच.

दुपारी तिसरी केस, डिचोलीतल्याच एका फ्लॅटमधला लॅब्रडॉर, अडीच महिन्यांचा, विकत घेतलेला. मालक दारातच कार्ड फडकवत, "डोस झालाय ह्याचा!" कार्डावर एकच डोस, पंचेचाळिसाव्या दिवशी, पुढची तारीख उलटून गेलेली. आता हे समजावणं म्हणजे माझा घसा. पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून जी प्रतिकारशक्ती मिळते ती काही आठवडे टिकते, आणि ती आहे तोवर लशीलाच हाणून पाडते. मग ती उतरायला लागते तेव्हा मध्ये असे दिवस येतात की व्हायरसला थोपवायला ती पुरत नाही पण लशीला अडवायला पुरते. ते दिवस प्रत्येक पिल्लाचे वेगळे, बाहेरून कळत नाहीत, म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस द्यायचे आणि शेवटचा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच. एक डोस म्हणजे झालं असं नाही हो. आणि दुसरा घोळ रेबीजचा. गोव्यात रेबीजचं काम जबरदस्त झालंय, जाळी घेऊन टीम गल्लीत येतात, कुत्रा धरतात, टोचतात, रंगाची खूण करून सोडतात, २०२१ ला गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं ते उगाच नाही. पण त्यामुळे लोकांच्या डोक्यात "इंजेक्शन" म्हणजे एकच इंजेक्शन. रंग लागलेला दिसला की कुत्रा सगळ्यापासून सुरक्षित.

तर ह्या लॅबच्या मालकाला मी सवयीनं विचारलं, दुसऱ्या कुत्र्यांत मिसळला का, बाहेर नेता का. तो म्हणे छे, खालीसुद्धा उतरवत नाही, फक्त भाजीवाला येतो तेव्हा बिल्डिंगच्या पायरीपर्यंत. आणि कौतुकानं मोबाईल काढून फोटो दाखवला. भाजीवाल्याचा पिल्लं आणायचा निळा प्लास्टिकचा क्रेट, त्यात फ्लॉवरचा पाला, आणि पाल्यात बसलेला लॅब, जीभ बाहेर. सहा दिवसांपूर्वीची तारीख. पार्वो अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, कधी चौदाही.

मी मॅडमना फोटोबद्दल सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "सांग त्याला सरळ, तुझ्या क्रेटमधून पसरतोय म्हणून." आणि जेवायला गेल्या. मॅडमची ही एक पद्धत आहे, बरोबर तेच सांगायचं आणि ते बोलायची वेळ दुसऱ्यावर सोडायची.

आजीचं पिल्लू चारच्या सुमाराला गेलं. आजी रडली नाही, पिशवी मागितली, मी म्हटलं पिशवी जाळावी लागेल, तेव्हा रडली.

आणि संध्याकाळी पिकअप. तोच. निळा क्रेट हातात, त्यात दोन नवी काळी पिल्लं, मस्त टुणटुणीत. "बाय, ह्या दोघींना मार गो डोस, उद्या द्यायच्यात." मी गेटवरच अडवला. क्रेट खाली ठेवू दिला नाही, परत गाडीत ठेव म्हटलं. त्याला कळेना. तो म्हणाला, क्रेट स्वच्छ आहे गो, हा पिल्लांचा वेगळाच ठेवलाय, माणसांची भाजी ह्यात घालत नाही, फक्त गुरांना पाला नेतो, आणि दर खेपेला फिनाईलनं घासतो. खरंच घासत होता. वास येत होता.

मी ब्लीचचं सांगायला सुरुवात केली. आधी साबणानं घाण पूर्ण काढ कारण घाणीवर ब्लीच चालत नाही, मग एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू दे, मग धू. ताजं कालवायचं, कालचं चालत नाही, आणि फिनाईल-ॲसिडमध्ये अजिबात मिसळायचं नाही. पावसाळ्यात विहिरीत पावडर टाकतात ना, तीच जात. चपला पण. गाडीचा हौदा पण. हा व्हायरस घरात महिनोन् महिने राहतो, सावलीतल्या मातीत वर्षभरही. आपल्याला होत नाही पण आपल्याबरोबर फिरतो. १९७८ च्या आधी कुत्र्यांत हा कोणाला माहीतही नव्हता, आणि दोनेक वर्षांत जगभर झाला.

तो ऐकत होता. मग विचारलं, "आधीच्या पिल्लांना काय झालं नाही ना?"

मी सांगितलं, मयेचं गेलं दुपारी, साखळीचं आत ड्रिपवर आहे. फोटोचं नाही सांगितलं. तो क्रेटकडे बघून म्हणाला, "पण मी फिनाईल लावलेलं." मग जरा वेळानं, "कितीला मिळतं ते ब्लीच?"

मॅडमनी बाहेर येऊन दोघींना पिकअपमध्येच डोस दिला. आधीच लागण झाली असेल तर डोस मागे पडणार, नसेल झाली तर थोड्या दिवसांत उपयोगी पडेल, शर्यतच ती. चौदा दिवस कोणाला देऊ नको, एका खोलीत ठेव, असं सांगून पाठवलं. त्यानं ठेवल्या, ट्रकच्या जुन्या शेडमध्ये, आणि रोज रात्री मला त्यांच्या शीचे फोटो पाठवले. जेवताना. दोघी व्यवस्थित आहेत. साखळीची आणि लॅब दोघंही वाचली, लॅबनं मात्र खूप दमवलं, चौथ्या दिवशी उठून माझा हात चाटला आणि कॅन्युला चावून तोडली.

आता माझ्या डोक्यात जे फिरतंय ते हे. मॅडम म्हणतात दोन्ही बहिणी बाजारातूनच आजार घेऊन आल्या असणार, त्यात क्रेटचा दोष नाही, आणि लॅबचं पण कशावरून? मालक स्वतः बाजारात जातो, त्याच्या चपला दारातच असतात, शिवाय पिल्लू विकणाऱ्याकडून आलं नसेल कशावरून? बरोबर आहे. एका पिल्लासाठी व्हायरसचं जनुक कोण तपासत बसणार. पण तो फोटो मी बघितलाय. पुन्हा विचार केला तर वाटतं भाजीवाल्याला दाखवायला हवा होता, मग वाटतं दाखवून काय झालं असतं, त्यानं पिल्लं उचलणं बंद केलं असतं आणि ती चाकाखाली गेली असती. ब्लीच तर तो तसाही वापरतोय. लॅबच्या मालकाला अजून काही माहीत नाही, तो अजून त्याच्याकडूनच फ्लॉवर घेतो.

दरम्यान आजीनं त्याच्याकडे दुसरं पिल्लू मागितलंय, आणि त्यानं कबूलही केलंय, त्या काळ्यांपैकी एक. मी दोघांनाही फोन करून सांगितलं की आजीच्या अंगणात आता वर्षभर तरी सगळे डोस पूर्ण न झालेलं पिल्लू नेऊ नका. शेणानं सारवलेली माती ब्लीचनं धुता येत नाही, चिऱ्याच्या कुंपणाच्या भोकाभोकात काय बसलंय कोणाला ठाऊक. मोठं, डोस पूर्ण झालेलं, नसबंदी झालेलं कुत्रं घ्या. शेडमध्ये त्याच्याकडे तशी एक तीन पायांची आहे, गुणी आहे. आजी म्हणते तीन पायांची कशाला, मला पिल्लूच हवं. तो म्हणतो, बाय, तूच येऊन तिला समजाव. रविवारी जायचंय.