साखळी

2004 साली मी आपल्या शाळेतून दहावी झालो. सुवर्णमहोत्सवाच्या अंकासाठी काही लिहून पाठवा, असा फोन आला तेव्हा सगळ्यात आधी आठवली ती मैदानाच्या कडेची हापशी. कबड्डीच्या सरावाआधी मुरमावर पाणी मारावं लागे. आम्ही ओळीनं बादल्या पोचवायचो आणि माती बसली की पी.टी.चे सर चपला काढून स्वतः आत उतरायचे.

आज मी तालुक्याच्या एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवतो. बास्केटबॉलचा संघ माझ्याकडे आहे. पोरं मेहनती आहेत, नेमही चांगला आहे, तरी आम्ही हरतो. आणि जवळजवळ दर वेळी डिफेन्समध्येच हरतो.

गेल्या वर्षीचा अमरावतीतला एक सामना डोळ्यांसमोरून जात नाही. समोरचा गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणणारा खेळाडू, डावीकडून ड्रिबल करत आत शिरला. आमच्या पोरानं पाय हलवले नाहीत, नुसता हात पुढे घातला. शिट्टी वाजली. पुढच्या वेळी हात घातला नाही, तर गार्ड सरळ बोर्डाखाली. बाकीचे चौघे जागच्या जागी उभे राहून बॉल पाहत होते, आणि त्यांच्यापैकी एकानं ज्याला अडवायचं तो रिंगखाली एकटाच उभा होता. एक पास, रिंगखालूनच एक लेअप, बास्केट. दहा मिनिटांच्या क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पुढच्या फाउलपासून समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात. आमचे चार फाउल सहाव्या मिनिटालाच झाले होते.

कारणं मला माहीत आहेत. आमच्या कोर्टाची एकच रिंग शाबूत आहे. दुसऱ्या बाजूला खांब आहे, बोर्ड नाही. कोर्ट 28 मीटरचं, पण आम्ही खेळतो 14 मीटरवर. बॉल टाकला, रिंगमध्ये गेला किंवा नाही गेला, तरी वर आणून पुन्हा सुरुवात. त्यामुळे शॉट टाकल्यावर उलट फिरून आपल्या रिंगकडे धावायचं असतं, हे पायांना ठाऊकच नाही. नियमानं समोरच्याला बॉल अर्ध्या रेषेपलीकडे आणायला आठ सेकंद मिळतात. शहरातली पोरं तीन-चार सेकंदांत आणतात आणि आमचे तेव्हा कुठे मागे वळलेले असतात.

दुसरं कारण सोयाबीन. दसऱ्याच्या सुमारास सोंगणी येते, मग थ्रेशर, मग लगेच कापसाची वेचणी. आमच्या सामन्यांच्या तारखाही त्याच दिवसांत पडतात. बारापैकी पाच-सहा पोरं सरावाला येतात. घरच्या शेतात मजूर मिळत नसताना पोराला मैदानावर ये म्हणायला माझीही जीभ रेटत नाही. पण पाच जणांत शूटिंग शिकता येतं, डिफेन्स नाही. एक पुढे सरकला की दुसऱ्यानं त्याची जागा घ्यायची आणि तिसऱ्यानं दुसऱ्याची, यासाठी पाच इकडे आणि पाच तिकडे लागतात.

तिसरं कारण मात्र ना कोर्टाचं ना हंगामाचं. आमची पोरं बोलत नाहीत. मागून स्क्रीन येते, म्हणजे समोरचा एक जण वाट अडवून उभा राहतो. मागच्याला ती दिसते, तो पुढच्याला सांगत नाही. मी एकाला विचारलं, तर म्हणाला, “सर, तो थर्ड इयरचा हाय न. त्याले काय वरडू?” आणि ओरडलाच तर आधी ‘भाऊ’ लावतो. अमुक भाऊ, डावीकडून! इतकं म्हणेपर्यंत बास्केट होऊन जाते.

तेव्हा सर आठवले. मी आठवीत होतो, कबड्डीत डाव्या कोपऱ्यावर, आणि माझा हात धरणारा दहावीतला. मी त्याला भाऊ म्हणून हाक मारली तसा सरांनी खेळ थांबवला. “मैदानात कोनी भाऊ नाई, कोनी लहान नाई. तू डावा, तो आत. आवाज दे!” त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना जागेच्याच नावानं हाका मारायचो. रेडर कोणीकडे झुकला हे ज्याला आधी दिसेल त्यानं ओरडायचं. साखळीतला एक पुढे गेला की दुसऱ्याचा हात ताणला जायचा आणि तोही आपसूक सरकायचा. “रेडरच्या हाताकडं पाहू नको,” सर म्हणायचे, “हात खोटं बोलते. कंबर पाह्य.” ड्रिबल करणाऱ्याला अडवतानाही हेच खरं आहे. बॉल फसवतो, डोळे फसवतात. कंबर वळल्याशिवाय माणूस वळत नाही.

म्हणून यंदा मी सराव बदलला. पोरांना पाचही जागांची नावं दिली. खुणेसाठी त्यांच्या कमरांना सुती दोरी बांधून पाचांची साखळी केली आणि बॉल इकडून तिकडे फिरवला. पहिले दोन दिवस दोरीत अडकून पडले. चौथ्या दिवशी एक जण पुढे गेला आणि बाकीचे चौघे न सांगता एकेक पाऊल सरकले. मी काही बोललो नाही, नुसता पाहत राहिलो.

कबड्डीची एक सवय मात्र मोडावी लागते. तिथे पकड हाच बचाव, इथे पकड म्हणजे फाउल. पाच झाले की खेळाडू बाहेर. त्यासाठी प्रत्येकाला उन्हात बांधायचा दुपट्टा मानेमागून घेऊन दोन्ही टोकं मुठीत धरायला लावतो आणि मग समोरच्याला नुसत्या पायांनी अडवायला सांगतो. गुडघे वाकलेले, पाय एकमेकांना न लागू देता आडवे सरकणारे. मांड्या भरून येतात. दुपट्टा सुटला की पुन्हा सुरुवात.

मुख्याध्यापकांना माझी एक विनंती आहे. महोत्सवाचा मांडव उतरला की आठ दिवस संध्याकाळी मैदान आम्हाला द्यावं. सोंगणी तोवर आटोपलेली असेल, बाराही पोरं येतील. पाणी आम्हीच मारू. आणि सरांची तब्येत बरी असेल तर त्यांच्यासाठी कडेला एक खुर्ची ठेवावी.