पातेरा जाळायचा नाही, असं ठरवल्यावर

आमचं घर रत्नागिरी तालुक्यात, कातळाच्या उतारावर. परड्यात आंब्याची सात कलमं, दोन फणस, थोडे काजू आणि विहिरीकडे नारळ-पोफळी. माघ-फाल्गुनात पातेरा, म्हणजे गळलेला सुका पाला, इतका पडतो की सकाळी झाडलेलं खळं दुपारपर्यंत पुन्हा भरतं. आई तो गोळा करायची, बाबा संध्याकाळी काडी लावायचे. थोडा भाजावळीसाठी, म्हणजे भातरोपांची जागा पेरणीआधी भाजायला, ठेवायचा, बाकीचा जाळायचा, असं माझ्या आजीच्या आधीपासून चालत आलेलं.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर नवं कलम लावायला मी खड्डा घेतला. हातभर खोल माती काढली, तिच्यात एक गांडूळ नव्हतं. मूठ दाबली की विटेच्या भुग्यासारखी सुटायची. त्याच आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला आणि वहाळाला लालभडक पाणी आलं. ते आमच्याच उघड्या परड्यातून वाहत होतं. त्या दिवशी मी बाबांना म्हटलं, यंदापासून पातेरा जाळायचा नाही.

बाबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. राखेने आंबट माती जरा निवते, पालाश (पोटॅश) मिळतं, भाजलेल्या जागेत तण कमी येतं. पण पानातला कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) धुराबरोबर जातो, आणि आमच्या जांभ्याच्या मातीला तोच हवा असतो. इथे स्फुरद (फॉस्फरस) लोह आणि ॲल्युमिनियमला चिकटून बसतं, बाकीचं पावसात धुपून जातं. सेंद्रिय पदार्थाशिवाय या मातीत धरून ठेवायला दुसरं काही नाही.

पहिला ढीग मी फेब्रुवारीत रचला. नुसता पातेरा, कमरेएवढा, वर चार घागरी पाणी. सहा आठवड्यांनी उकरला तर आतली पानं जशीच्या तशी, कोरडी. आंब्या-फणसाचं पान चामड्यासारखं, पाणी वरून घरंगळून जातं. शिवाय कुजवणाऱ्या जीवांना 1 भाग नत्रामागे 25 ते 30 भाग कर्ब मानवतो. पातेऱ्यात कर्ब त्याच्या दुप्पट, कधी त्याहूनही जास्त. एकट्या पातेऱ्याचं खत व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतील हे तेव्हा कळलं.

मग कुजवून खत करायची नाडेप पद्धत समजून घेतली. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका, यांनी भिंतीत भोकं ठेवलेला 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच असा विटांचा हौद सांगितला. आम्ही त्याहून लहान केला, विटांऐवजी जांभ्याचे चिरे वापरले आणि दोन चिऱ्यांमध्ये हवेला फट सोडली. पातेरा रात्रभर पिंपात भिजवायचा. वीतभर पातेऱ्याचा थर, त्यावर चार बोटं गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) ओला पाला, त्यावर शेणकाला, मग पाटीभर माती. गिरिपुष्प बांधावर आपोआप वाढलेलं होतं. त्याच्या पाल्यात नत्र भरपूर, आणि आम्ही आजवर ते नुसतं तोडून टाकत होतो.

पाचव्या दिवशी हौदात लोखंडी पहार खुपसून ठेवली. पंधरा मिनिटांनी काढली तर हातात धरवेना, टोकातून वाफ येत होती. बाबांनी हात लावून पाहिला, काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी झाडलेला पातेरा त्यांनी स्वतःहून हौदाकडे नेला.

पावसाळा मात्र अवघड गेला. वर विणलेले झाप टाकले होते, ते जुलैत गळायला लागले. हौद चिंब झाला आणि कुजका वास सुटला. हवा संपली की असंच होतं. सगळं बाहेर ओढून सुका पेंढा मिसळला, वर ताडपत्रीला उतार दिला, तेव्हा आठ दिवसांत वास गेला.

सगळ्यात मोठी काळजी गेंड्या भुंग्याची होती, आणि नारळवाल्यांनी हे नीट लक्षात ठेवावं. हा भुंगा शेणखतात, कुजक्या पाल्यात अंडी घालतो. ढीग उलथताना अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, अर्धचंद्रासारख्या वळलेल्या अळ्या निघाल्या, एका वेळी तेवीस. ठेवल्या असत्या तर भुंगे होऊन माडाच्या शेंड्यात शिरले असते, आणि नव्या झावळ्या कातरीने कापल्यासारख्या उमलल्या असत्या. अळ्या वेचून काढल्या, या अळ्यांना मारणाऱ्या मेटारायझियम बुरशीचं पाणी शिंपडलं. आता दर महिन्याला ढीग उलथणं चुकवत नाही.

शेजारच्या काकींना भीती फुरशाची, या विषारी सापाची. ती रास्त आहे, पातेऱ्याच्या रंगात मिसळलेलं फुरसं दिसतच नाही. म्हणून हौद घरापासून लांब ठेवला, गमबूट घातल्याशिवाय आणि आधी दाताळ्याने उसकल्याशिवाय पाल्यात हात घालायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना बजावलं.

दसऱ्याला वाळूच्या चाळणीतून खत चाळलं. तीन फुटांचा थर फूटभर उरला होता. काळसर, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीचा वास. न कुजलेले देठ पुन्हा नव्या हौदात टाकले. कलमांना खत घातलंच, पण आळ्यात वीतभर पातेरा तसाच पसरला, बुंध्यापासून हातभर सोडून. नव्या कलमाला उन्हाळ्यात दर तीन दिवसांनी पाणी द्यावं लागायचं, ते आठवड्यावर आलं. दुसऱ्या पावसाळ्यात पातेरा बाजूला सारला तर खाली गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या होत्या. मी आईला हाक मारून बोलावलं, आम्ही दोघी तिथेच उकिडव्या बसून बघत राहिलो.

यंदा बाबांनी तरव्याचा, म्हणजे भाताच्या रोपांचा, एक वाफा न भाजता या खतावर पेरला. रोपं भाजलेल्या वाफ्याइतकीच उंच झाली, पण तण जास्त आलं आणि आईला दोनदा बेणावं लागलं. पुढच्या वर्षी दोन वाफे तसे करायचे, पेरण्याआधी पाणी देऊन तण उगवू द्यायचं आणि उपटून टाकायचं, असं बाबा म्हणतायत.