पत्ता बदलतोय, पण देतंय कोण?

एका ऑफिसातून फोन आला तेव्हा तक्रार सरळ होती : अकाउंट्सच्या कॉम्प्युटरचा आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा पत्ता, सारखा बदलतो, त्यामुळे बाकीच्यांना हिशेबाचा डेटा उघडत नाही. आधी कुणीतरी येऊन काही मशिनांवर हाताने स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी टाकून गेलं होतं. त्यातले काही पत्ते राउटरच्या वाटपाच्या रेंजमधलेच, म्हणजे उद्या राउटर तोच पत्ता एखाद्या मोबाइलला देणार आणि दोघंही अडखळणार. साहेबांचा लॅपटॉप ऑफिसात नीट चालायचा, घरी नेला की नेट बंद. असा उपाय मला मनापासून पटत नाही. पत्ता का बदलतो ते न बघताच तो बांधून टाकला की मूळ दुखणं झाकलं जातं.

पत्ता बदलणं हा मुळात बिघाड नव्हेच. राउटरमधली डीएचसीपी सेवा प्रत्येक यंत्राला ठरावीक मुदतीसाठी पत्ता देते. निम्मी मुदत सरली की कॉम्प्युटर स्वतःच ती वाढवून मागतो. त्यामुळे रोज वापरातलं मशीन महिनोन्महिने एकाच पत्त्यावर राहू शकतं. इथे तो सारखा बदलत होता, ते मला खटकलं.

"सर, काल शेवटी वीस होतं, आज पंचेचाळीस झालंय," अकाउंट्सच्या मॅडम म्हणाल्या. पण बदल फक्त शेवटच्या आकड्यात नव्हता. कालचा पत्ता १९२.१६८.१.२०, आजचा १९२.१६८.०.४५. तिसरा आकडा वेगळा, म्हणजे पत्त्यांची रेंजच वेगळी! कमांड प्रॉम्प्टवर 'आयपीकॉन्फिग /ऑल' दिलं आणि डीएचसीपी सर्व्हरची ओळ वाचली : १९२.१६८.०.१. शेजारच्या टेबलावर तीच ओळ १९२.१६८.१.१ दाखवत होती. एकाच नेटवर्कवर दोघं जण पत्ते वाटत होते.

आता सगळ्याचा उलगडा होत गेला. पत्ता हवा असलेलं मशीन अख्ख्या नेटवर्कला हाक मारतं आणि बहुधा ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता घेतं. म्हणून कधी मॅडमचं मशीन हरवायचं, कधी प्रिंटर. आणि ज्यांना त्या दुसऱ्याकडून पत्ता मिळाला, त्यांचं नेटही बंद, कारण त्याच्याकडे इंटरनेट नव्हतंच.

हा दुसरा कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या लॅपटॉपला त्याच्याच रेंजमधला पत्ता दिला, १९२.१६८.०.१ ला सतत पिंग लावून ठेवलं, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक, आणि स्विचमधून, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या वायरी जिथे जोडतात त्या डब्यातून, एकेक वायर काढून परत लावत गेलो. मीटिंग रूमची वायर निघाली आणि उत्तरं थांबली. टेबलाखाली एक छोटा राउटर होता. तिथे वायफाय कमी येतं म्हणून कुणीतरी चांगल्या हेतूने घरचा जुना राउटर आणून लावला होता. वायर त्याच्या वॅन पोर्टऐवजी (बाहेरून येणाऱ्या नेटची जागा) लॅन पोर्टात (आतली मशीन जोडायची जागा) होती, त्यामुळे तो थेट ऑफिसभर पत्ते वाटत सुटला होता.

तो फेकायची गरज नव्हती. त्यातलं डीएचसीपी बंद केलं, त्याला मुख्य राउटरच्या वाटपाबाहेरचा १९२.१६८.१.२ दिला आणि वायर लॅन पोर्टातच ठेवली. आता तो नुसता वायफाय पसरवतो. हाताने टाकलेले सगळे आयपी काढून मशीन ऑटोमॅटिकवर आणली. अकाउंट्सचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांचे पत्ते मुख्य राउटरमध्ये मॅक ॲड्रेसवरून, म्हणजे प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकावरून, राखून ठेवले. कायमचा पत्ता हवा तर तो असाच द्यावा, म्हणजे कुठला पत्ता कुणाचा याची नोंद एका जागी राहते. मोबाइलबाबत मात्र हे नेहमी टिकत नाही. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायवर खरा मॅक सहसा दाखवत नाहीत.

निघताना साहेबांनी विचारलं, घरून हिशेब बघायला डायनॅमिक डीएनएस (बाहेरचा पत्ता बदलला तरी एकाच नावाने ऑफिस गाठायची सोय) लावून देता का? राउटरचा बाहेरचा पत्ता बघितला, तो १००.७२ ने सुरू होत होता. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवण्यासाठी वापरतात. तिथे डायनॅमिक डीएनएस लावून बाहेरून आत येता येत नाही. कंपनीकडे आधी सार्वजनिक आयपी मागा, असं त्यांना सांगितलं. तो मिळाला तरी हिशेबाचा पोर्ट, म्हणजे बाहेरून त्या डेटाकडे येणारी वाट, उघडा टाकायचा नाही, व्हीपीएननेच, म्हणजे सुरक्षित खाजगी जोडणीनेच, आत यायचं, हेही तेव्हाच ठरवून घेतलं.