तुम्ही विचारलंत म्हणून: मासेमारीसाठी पहिली कयाक

"मासे धरायला पहिली कयाक घ्यायची आहे. कुठली घेऊ, आणि तिच्यावर काय काय बसवू?" बेळगाव, निपाणी, संकेश्वर, खानापूर, फोन कुठूनही येवो, प्रश्न हाच असतो. कयाक म्हणजे वल्ह्यानं चालवायची लांबट, छोटी होडी. बहुतेकांनी व्हिडिओ बघून मॉडेल मनात पक्कं केलेलं असतं. फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र), चार रॉड होल्डर (गळाची काठी, म्हणजे रॉड, उभा करायच्या नळ्या), पायानं मारायचं पेडल, सगळी यादी तयार. मी आधी एवढंच विचारतो: पाणी कुठलं, गाडी कुठली आणि तुमचं वजन किती? ह्या तीन उत्तरांवर कयाक ठरते. बाकीचं मागाहून घेता येतं.

आधी पाण्याचं बघू. हिडकल धरणाचा फुगवटा सकाळी शांत असतो, खरं दुपारी वारा सुटला की मोकळ्या भागात लाटा उठतात आणि परत यायला तोच वारा तोंडावर घ्यावा लागतो. सौंदत्तीकडच्या नविलतीर्थ धरणाच्या पाण्याचंही तसंच. खानापूरकडची मलप्रभा, निपाणीकडची वेदगंगा ह्या अरुंद नद्या, आणि आपल्याकडच्या नद्यांवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल तर त्याच्या वरच्या अंगालाही जाऊ नका आणि खालच्याही. खाली पडणारं पाणी तळाशी जातं आणि वरचं पाणी उलटं बंधाऱ्याकडे फिरतं. त्यात सापडलेलं लाकूड तिथल्या तिथं गोल फिरत राहतं. लाइफ जॅकेट घातलेला माणूसही त्यातून सुटत नाही. चिकोडी, रायबाग, अथणीच्या बाजूला कृष्णेत मगरी आहेत आणि उन्हाळा हा त्यांच्या अंड्यांचा काळ. पाण्यापासून वीतभर उंचीवर बसून तिथं गळ टाकायला मी कुणालाही सांगणार नाही. पहिल्या वर्षी धरणाच्या फुगवट्यातला, वाऱ्याच्या आडोशाचा एखादा कोपरा धरा, आणि तोही भिंतीपासून लांबचा.

अशा पाण्याला सिट-ऑन-टॉप कयाक बरी, म्हणजे वरून उघडी, जिच्यावर बसायचं असतं, आत शिरायचं नसतं. तिला आरपार भोकं असतात, वर आलेलं पाणी त्यातून आपोआप खाली जातं. उलटली तरी सरळ करून पुन्हा चढता येतं. आत बसायच्या कयाकमध्ये एकदा पाणी भरलं की खोल पाण्यात एकट्यानं ते उपसणं नवशिक्याला जमत नाही. लांबी १० ते १२ फूट, रुंदी ३२ ते ३४ इंच. लांब आणि अरुंद कयाक सरळ आणि वेगानं जाते हे खरं आहे. पण चांगला कटला लागला की तुम्ही एका कुशीवर वळून ओढणार, हातजाळी घेऊन वाकणार. तेव्हा वेग कामाला येत नाही, रुंदी येते.

वजनाचा हिशेब दुकानात कुणी नीट सांगत नाही. कयाकवर लिहिलेली क्षमता १५० किलो असेल तर तुम्ही, सामान आणि मासे मिळून १०० किलोच्या आसपास थांबा. त्याच्यावर गेलात की ती खाली बसते, भोकांतून पाणी उलटं वर येतं आणि दिवसभर ओल्यात बसावं लागतं. ८५ किलोच्या माणसानं हलकी, स्वस्त कयाक घेऊ नये.

आता गाडी. कडक प्लॅस्टिकची मासेमारीची कयाक बहुधा ३० किलोच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे जाते. टपावर चढवायला दोन माणसं लागतात, मधले दोन पट्टे आणि पुढच्या-मागच्या टोकाला एकेक दोरी लागते. शिवाय पाणी जागेवर राहत नाही. पावसाळा संपताना गाडी अगदी काठाला लागते, एप्रिल-मेमध्ये तेच पाणी चिखल तुडवत, बराच वेळ चालून गाठावं लागतं. दोन चाकांची ट्रॉली कयाकबरोबरच घ्या. फ्लॅटमध्ये राहणारे हवा भरायची कयाक घेऊ का म्हणून विचारतात. चांगल्या जाड पीव्हीसीची, वेगवेगळे कप्पे असलेली असेल तर जरूर घ्या. फक्त काठावरच्या बाभळीच्या काट्यांची काळजी घ्या. जमिनीवर ओढायची नाही, उचलूनच न्यायची, आणि गळ उघडे टाकायचे नाहीत.

पायाचं पेडल पहिल्या कयाकला नको, असं माझं स्पष्ट मत आहे. हात मोकळे राहतात, मान्य. पण ते महाग, जड, आणि खाली लोंबत असतं. धरणाचं पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे बुंधे आणि जुन्या बांधांचे दगड वर येतात, त्यात ते अडकतं. जलपर्णीत तर हमखास. त्या पैशात उत्तम जॅकेट आणि उत्तम वल्हं येतं.

जॅकेट फोमचं, पाठीचा वरचा भाग मोकळा सोडणारं घ्या, नाहीतर खुर्चीच्या पाठीला टेकलं की गळ्यापर्यंत चढतं. घातल्यावर कुणाला तरी खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत आलं तर ते तुमच्या मापाचं नाही. छातीच्या खिशाला शिट्टी आणि छोटा चाकू. पोहायला येतं म्हणून जॅकेट सीटमागे ठेवणारे मला भेटतात, आणि त्यांच्याबरोबर मी पाण्यात जात नाही. वल्हं रुंद कयाकला २४० सेंटिमीटरच्या आसपासचं लागतं. आखूड असलं की दर फटक्याला हात कडेवर आपटतो. हलकं वल्हं महाग पडतं, पण शेकडो वेळा उचलायची वस्तू तीच आहे, तिथं हात आखडू नका.

मासे धरायच्या आधी उलटायचं शिका. कमरेएवढं पाणी, सोबतीला माणूस, अंगात जॅकेट. कयाक मुद्दाम पालथी करा. पलीकडची कड धरून ती आपल्याकडे ओढून सरळ करा, मग पाय मागे पाण्यावर तरंगू द्या, जोरानं पाय मारत पोटावर आडवे चढा, बेंबी मधोमध आली की कूस बदलून पाठीवर या आणि शेवटी पाय आत घ्या. उभ्यानं, हाताच्या जोरावर चढायला गेलात की ती परत अंगावर येते. हे जमल्यावर खोल पाण्यात पुन्हा करा.

बसवायच्या सामानासाठी ड्रिल लगेच हातात घेऊ नका. काही महिने नुसतीच चालवा, म्हणजे हात कुठपर्यंत पोचतो आणि वल्हं कुठं अडतं ते कळतं. तोवर मागच्या खोलगट जागेत टोमॅटोचं प्लॅस्टिकचं क्रेट बांधा, त्याला पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे झिप टायनं, म्हणजे ओढून आवळायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीनं, आवळा. झाले रॉड होल्डर. वल्ह्याला आणि रॉडला दोरी हवीच.

नांगराला मात्र वेळ द्या. दीड किलोचा घडीचा नांगर पुरतो, पण दोरी त्याच्या वरच्या कडीला घट्ट बांधू नका. खालच्या, आकड्यांकडच्या टोकाला बांधा, दांड्यावरून वर आणा आणि वरच्या कडीला एका बारीक झिप टायनं अडकवा. बुंध्यात रुतला की जोरात ओढायचं. झिप टाय तुटतो, ओढ खालच्या टोकाला बसते आणि नांगर उलटा होऊन निघतो. वाहत्या पाण्यात नांगर मधल्या कडेवरून कधीही सोडायचा नाही, पुढच्या किंवा मागच्या टोकावरूनच. कडेवरून सोडला की पाणी कयाक आडवी धरून पालथी करतं.

आणखी एक. धरणातल्या मासेमारीचे हक्क परवान्यानं किंवा ठेक्यानं दिलेले असतात. आधी काठावरच्या मच्छीमारांना भेटा, त्यांच्या सोसायटीत आणि मत्स्य खात्यात विचारा. गोल हरिगोलात बसून पहाटे जाळी काढणाऱ्या माणसांचं पोट त्या पाण्यावर आहे. पाण्यावर ओळीनं तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या दिसल्या की खाली जाळं आहे असं समजून लांबून वळा. गळ त्यात अडकलाच तर आपला तंगूस, म्हणजे गळाची दोरी, कापा, जाळ्याला चाकू लावू नका, आणि काठावर आल्यावर ज्याचं जाळं आहे त्याला गळ कुठं राहिला ते सांगा. जाळं काढताना तो त्याच्या हातात घुसतो.