साडेअकरा हजारांचं कुलूप घ्यावं का?

दिवाळीत गावाहून परतलो तर जिन्यातच कळलं, वरच्या मजल्यावरच्या काकूंचं घर फोडलंय. बॅगा ठेवून तसाच वर गेलो. दारासमोर फरशीवर त्यांचं कुलूप पडलं होतं. सात लिव्हरचं, जाडजूड, आणि बंदच! त्यात कोयंडा अडकलेला, कोयंड्यात चार स्क्रू, स्क्रूंच्या आट्यांत लाकडाचा भुसा. स्क्रू जेमतेम अर्ध्या इंचाचे. काकू पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "अरे, कुलूप तर उघडलंच नाही रे." पेपरात 'कडी-कोयंडा तोडून' हे शब्द आपण नेहमी वाचतो. त्यांचा अर्थ त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला.

आम्ही नाशिकला, इंदिरानगरमध्ये राहतो. बायको त्याच रात्री म्हणाली, खर्च होऊ दे, भारीतलं कुलूप बसवू. दुसऱ्या दिवशी मेन रोड गाठला. दुकानदाराने दोन कुलपं समोर ठेवली, एक २,४०० चं, दुसरं ११,५०० चं. एवढा फरक कशाचा, म्हणून मी त्यांना बराच वेळ पिडलं, त्यांनीही मनापासून समजावलं. साध्या सिलिंडर कुलपात पाच-सहा पिना स्प्रिंगवर बसलेल्या असतात. बरोबर चावी गेली की त्या एका रेषेत येतात आणि सिलिंडर फिरतो. लिनस येल यांनी १८६१ साली पेटंट घेतलेली युक्ती आजही हीच आहे. पण खास घासलेली चावी घालून वरून ठोका दिला, तर पिना क्षणभर उडतात आणि तेवढ्यात कुलूप फिरवता येतं. महागड्या कुलपात पिनांची घडण वेगळी, ड्रिल अडवायला कडक पोलाद, आणि कुलपासोबत मिळालेलं कार्ड दाखवल्याशिवाय कंपनी चावीची नक्कल देत नाही.

पैसे उगाच नव्हते तर. पण काकूंच्या दाराशी कोणी पिना उडवत बसलं नव्हतं, सरळ पहार घातली होती.

काहीच न घेता घरी आलो आणि ओळखीच्या मिस्त्रींना बोलावलं. कुलपाचा बोल्ट चौकटीतल्या ज्या पट्टीत जातो, ती त्यांनी आधी तपासली. दोन स्क्रू बोटांनीच निघाले. "दादा, दाराला लाथ बसली की सगळा भार या पट्टीवर. हिलाच धरायला काही नाही, तर कुलूप काय करणार?" मग चौकट ठोकून पाहिली. खालचा होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणारी लोखंडी पट्टी, भिंतीतून सुटलेला निघाला.

शेवटी २,४०० चंच कुलूप घेतलं, इंचभर बोल्ट बाहेर येणारं. जाड पोलादी पट्टी, तीन इंची स्क्रू, होल्डफास्टला नवं सिमेंट, सगळं मजुरीसह ५,२०० मध्ये झालं. बाहेरची कडी काढून टाकली. बाहेर लटकणारं कुलूप जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतं की घरात कोणी नाही.

साडेअकरा हजारांचंही घेतलं, पण पंचवटीतल्या आईच्या घरासाठी. तिथली सागवानी चौकट भक्कम आहे. काळजी चावीची होती. भाडेकरू बदलत राहतात, आणि साध्या चावीची नक्कल रस्त्यावरचा चावीवालाही दहा मिनिटांत करून देतो. तिथे ते पैसे मला अजिबात जड वाटले नाहीत.

रविवारी मिस्त्रींना काकूंकडे घेऊन गेलो. काकूंनी तो कोयंडा अजून टेबलावर ठेवलेला होता. मिस्त्रींनी तो उलटा करून पाहिला, काही बोलले नाहीत, आणि पिशवीतून तीन इंची स्क्रूंचं पाकीट काढलं.