दुधाचे खाडे, पाळीचे खाडे

आजीने पिशवीतून कालनिर्णयच काढून माझ्या टेबलावर पसरलं. दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख, आणि मागची पानं उलटली तर लाल पेनाने केलेले गोल. "बाई, एक्केचाळीस दीस झालं. पोरीचा खाडा पडलाय." आई दारातच उभी. पोरगी तेरा वर्षांची, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

ग्रामीण रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकमध्ये, म्हणजे वयात येणाऱ्या मुलामुलींसाठीच्या दवाखान्यात, मी समुपदेशक आहे. आधी मुलीशी एकटीशी बोलायचं, हा आमचा शिरस्ता. दार लावलं तशी ती रडायलाच लागली. चार दिवस घरात कुणी तिच्याशी धड बोललं नव्हतं. विचारायचं ते सगळं मी विचारलं. डॉक्टरांनी लघवीची तपासणीही करून घेतली. पट्टीवर एकच रेघ, म्हणजे दिवस गेलेले नव्हते.

मग दोघींना आत घेतलं. पहिली पाळी आठ महिन्यांपूर्वीची. गोल मोजले तर कधी २७ दिवस, कधी ३८. आई म्हणाली, "पण चौदाव्या दिवशी बीज सुटतं ना? तिथं तक्त्यावर लिहिलंय." माझ्या मागच्या भिंतीवर तो २८ दिवसांचा तक्ता आहे. खरं सांगते, निम्मा घोटाळा त्यानेच होतो. चौदा दिवस आलेल्या पाळीपासून पुढे मोजायचे नसतात, येणाऱ्या पाळीपासून मागे मोजायचे, तेही साधारण. चक्र ३५ दिवसांचं असेल तर बीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं. आणि पहिली दोन-तीन वर्षं मेंदू आणि बीजकोश यांचं सूतच जमलेलं नसतं. कित्येकदा बीज सुटतच नाही, गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं आणि आपल्या सवडीने गळतं. या वयात दोन पाळ्यांत २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं. तीन महिने आलीच नाही, सात दिवसांवर गेली, तासा-दोन तासाला पॅड भिजायला लागलं, तर मात्र थांबायचं नाही.

जन्मतः मुलीच्या पोटात दहा-वीस लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, हे ऐकून आजी सावरून बसली. "मंजी माझी संपली म्हून बंद झाली व्हय?" मी म्हटलं, जवळजवळ तसंच. आजी हसली. मग नातीच्या पाठीवर हात ठेवला, पण बोलली काही नाही.

चार दिवसांनी शाळा सुटल्यावर पोरगी एकटीच आली. आदल्या दिवशी, चव्वेचाळिसाव्या दिवशी पाळी आली होती. वहीच्या मागच्या पानावर तिने उलटे चौदा मोजले होते.

"मॅडम, म्हणजे आम्ही तुमच्याकडे आलो तेव्हा बीज आधीच सुटून गेलं होतं?"

"गेलं असेल. नाहीतर या खेपेला सुटलंच नसेल."

तिने त्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि वही दप्तरात टाकली.